डावीकडे सरकणारा एकेचाळीस नंबर

मित्रांनो, मला जुना म्हणू नका. जुन्या वस्तू लोक काचेच्या कपाटात ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. मी झिजलेला आहे. माझे वय विचाराल तर फार नाही. पण एका माणसाने दहा वर्षांत वापरावे तेवढे मला एका वर्षात चाळीस माणसांनी वापरले आणि त्यातल्या एकोणचाळीस जणांनी रागाने वापरले.

मी व्हिडिओ गेम खेळायचा एक कंट्रोलर आहे. दोन्ही हातांत धरायला दोन मुठी, अंगठ्याखाली दोन दांड्या, काही बटणे, आणि पोटात एक इवलीशी मोटर. खेळातल्या माणसाला मार लागला की ती थरथरते. माझी भावंडे तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. तुम्ही त्यांना खेळणे म्हणता. म्हणा, तुमचे काही चुकत नाही. पण माझा जन्म जिथे गेला तिथे खेळणे हेच काम होते आणि ते काम करणाऱ्यांना तिथे कोणी माणसांत धरत नव्हते.

कारखान्यात माझे सुटे भाग जुळवले तेव्हा एका लोखंडी बोटाने माझे प्रत्येक बटण हजारो वेळा दाबून पाहिले. माझ्या दांड्या गरागरा फिरवल्या. ते बोट मला कधी टाकून बोलले नाही. त्याने फक्त पाहिले आणि माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. परीक्षा घ्यावी तर अशी, असे मला आजही वाटते. मग माझी भावंडे चकचकीत चित्रांच्या खोक्यांतून दुकानांकडे निघाली. मला मात्र पन्नास जणांबरोबर एका साध्या खाकी पेटीत भरले. पेटीवर लिहिले होते, ‘तपासणीसाठी. विक्रीसाठी नाही.’

ती पेटी उघडली एका तळघरात. खोलीला खिडकी नव्हती. चाळीस बाके, चाळीस पडदे, आणि वरून सारखी थंड हवा. ती थंडी यंत्रे तापू नयेत म्हणून होती. माणसे बिचारी स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन बसत. दारातच सगळ्यांचे मोबाईल काढून घेत. दाराशी दोरीला बांधलेली एक वही होती. कोण किती वाजता लघवीला गेले आणि किती वाजता परत आले, ते त्या वहीत लिहावे लागे.

इथले काम असे. कोणताही खेळ बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. त्यांना तिथे बग म्हणत. बाहेरच्यांना वाटे, काय मजा आहे, दिवसभर खेळायचे! अरे, खेळणे वेगळे. इथे एकच दार तीनशे वेळा उघडायचे आणि तीनशे वेळा लावायचे. एकच पायरी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. तेच गाणे कानात इतके वाजे की लोक घरी जाऊन भांडी घासतानाही तेच गुणगुणत आणि स्वतःवरच चिडत.

आणि हे करणाऱ्यांच्या गळ्यात पिवळी फीत असे. पिवळी म्हणजे तात्पुरता. निळी म्हणजे कायमचा. निळ्या फितीला स्वतःची खुर्ची मिळे, खुर्चीमागे नावाची चिठ्ठी असे. पिवळ्याने कोणतीही रिकामी खुर्ची शोधायची. बहुतेक वेळा ती आधीच्या पाळीच्या माणसाने गरम करून ठेवलेली असे. निळ्यांनी पुढच्या जिन्याने वर जायचे, पिवळ्यांनी मागच्या. निळ्यांनी वरच्या कँटीनमध्ये जेवायचे, पिवळ्यांनी मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडायचा.

या सगळ्यांवर एक साहेब होता. तपासणीचा प्रमुख. त्याची केबिन काचेची होती. तो निळ्यांना ‘तुम्ही’ म्हणे आणि पिवळ्यांना ‘तू’. त्याच्या आईच्या वयाची बाई पिवळी असली तरी ‘तू’. रोज संध्याकाळी पाच वाजता तो फळ्यावर प्रत्येकाने किती चुका शोधल्या ते आकडे लिही. सगळ्यांत खाली ज्याचे नाव असेल त्याने उभे राहून सांगायचे, “मी आज दिवसभर काय केलं.” मोठी मोठी माणसे, घरी लेकरेबाळे असलेली, शाळेतल्या पोरासारखी उभी राहत. साहेब म्हणे, “बोल, बोल. लाजू नकोस. बाहेर शंभर जण उभे आहेत तुझ्या जागेसाठी.”

याचा परिणाम काय झाला, सांगू? लोक चुका लपवू लागले. आज सात सापडल्या तर पाच सांगायच्या, दोन उद्यासाठी मनात दाबून ठेवायच्या. शेजाऱ्याला मदत करायची नाही, कारण त्याचा आकडा वाढला की आपला खाली जाणार. चुका शोधायला बसवलेल्या खोलीत चुका लपवण्याची विद्या शिकवली जात होती. आणि साहेबाला वाटे, आपण काय शिस्त लावली!

कंट्रोलर वाटायचे काम भांडारवाल्या काकांकडे होते. नवे निळ्यांना, जुने पिवळ्यांना. माझ्या पाठीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने एकेचाळीस आकडा घातला होता. पहिले चार महिने मी नवा होतो तेव्हा निळ्यांच्या हातात होतो. मग बटणे सैल झाली आणि मी पिवळ्यांकडे आलो. एका माणसाने मला वर्षभर राबवावे तसे महिनाभरात राबवून घेतले. दुसऱ्याच्या हाताला इतका घाम येई की माझ्या फटी चिकट झाल्या. तिसरा, शांत दिसणारा, ज्या दिवशी त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणाले त्या दिवशी त्याने मला भिंतीवर भिरकावले. मला त्याचा राग नाही. साहेबाला फेकता येत नव्हते म्हणून त्याने मला फेकले. पण तेव्हापासून माझी डावी दांडी हललेली आहे. तिला कोणी हात लावला नाही तरी ती मुंगीच्या पावलांनी डावीकडे सरकते. पडद्यावरचा माणूस मग हळूहळू, अगदी हळूहळू, डावीकडे निघतो.

अशा अवस्थेत मी तिच्या हाती पडलो.

ती पस्तिशीची असेल. तपकिरी स्वेटर, बारीक कापलेली नखे, उजव्या अंगठ्यावर फोड आणि त्यावर चिकटपट्टी. याआधी तीन ठिकाणी तिने काम केले होते आणि तिन्ही ठिकाणी पिवळीच. इथे तिला भिंतींचे काम दिले होते. खेळातल्या गावात जेवढ्या भिंती आहेत तेवढ्यांना जाऊन धडकायचे. कुठे भोक असेल तर माणूस भिंतीतून आरपार जातो, ते शोधायचे. सकाळी नऊपासून धडका. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, एक बोट सरकायचे, धडकायचे, पुन्हा एक बोट. पहिल्याच आठवड्यात साहेबाने तिची ओळख करून दिली, “ही आमची भिंतवाली. डोकं आपटण्यात पटाईत.” सगळे हसले. न हसणारा साहेबाच्या लक्षात राहत असे.

तेच नाव तिला चिकटले.

मी हाती आलो त्याच दिवशी ती भांडारात गेली. म्हणाली, “काका, हा डावीकडे जातोय.”

“पिवळ्यांना हेच असतं, पोरी. जमवून घे.”

तिने जमवून घेतले. डाव्या अंगठ्याने मला किंचित आवरून धरायची. आणि काम सुरू करण्याआधी स्वेटरच्या बाहीने मला पुसायची. त्या खोलीत मला पुसणारी ती पहिली आणि शेवटची. म्हणून मी म्हणालो, चाळीसपैकी एकोणचाळीस.

तिच्या शेजारच्या बाकावर पोपट बसे. त्याचे खरे नाव काय ते मला माहीत नाही. साहेब काहीही बोलला की तो “हो साहेब, बरोबर साहेब” करी, म्हणून पोपट. मनाने वाईट नव्हता. जेवताना दोघे मागच्या जिन्यावर बसत. एकदा कंट्रोलर बदलायचे म्हणून ती मला तशीच हातात घेऊन बसली होती, तेव्हा मी ऐकले.

“ताई, घरी काय म्हणतात हो, या नोकरीला?”

“सासूबाई म्हणतात, ‘खेळून आलीस ना? आता जरा काम कर.’”

पोपट इतका हसला की घास घशात अडकला. तीही हसली. मग म्हणाली, “एकदा निळी मिळू दे. खुर्चीमागच्या चिठ्ठीचा फोटो काढून दाखवते त्यांना. म्हणते, बघा, खेळणाऱ्या माणसाला कुणी खुर्ची देतं का?”

मित्रांनो, तिला एवढेच हवे होते. एक खुर्ची, जी दुसऱ्याने गरम केलेली नाही. अकरा महिने झाले होते. ज्या शुक्रवारी खेळाची तपासणी संपायची होती त्याच शुक्रवारी निळ्यांची यादी लागणार होती. तिचा आकडा फळ्यावर वरच्या पाचांत असे. अडचण एकच होती. तिच्या नावापुढे दोन लाल फुल्या होत्या. तपासनिसाने सांगितलेली चूक खोटी निघाली की लाल फुली. तीन झाल्या की घरी. तिच्या दोन्ही फुल्या फुसक्या होत्या. एक चूक दुसऱ्याने दहा मिनिटे आधी लिहिली होती, आणि दुसरी साहेबाला समजलीच नव्हती. पण फुली ती फुली.

आता तो खेळ काय होता ते सांगतो. खेळणाऱ्याने एक ओसाड जागा घ्यायची आणि तिथे गाव वसवायचे. एकेक वीट, एकेक झाड. मधोमध विहीर. असे गाव उभे करायला कित्येक आठवडे लागतात. केलेले काम खेळ स्वतःच जपून ठेवतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटे चाक क्षणभर फिरते, म्हणजे समजायचे, जपले गेले.

सोमवारी दुपारी तिच्या अंगठ्याची पट्टी सुटली. तिने मला बाकावर ठेवले आणि नवी पट्टी लावू लागली. पडद्यावर तिचा माणूस विहिरीजवळ उभा होता. मी माझ्या खोडीप्रमाणे डावीकडे सरकू लागलो. माणूस मुंगीसारखा निघाला. तेवढ्यात कोपऱ्यात चाक फिरले.

आणि जमीन नाहीशी झाली. माणूस खाली गेला. विहिरीत नव्हे, जमिनीतूनच. खाली सगळे राखाडी, आणि तो पडतोय, पडतोय, पडतच आहे.

“अगं बाई!” ती म्हणाली.

तिने खेळ बंद करून पुन्हा चालू केला. माणूस अजून पडतच होता. कारण खेळाने पडणेच जपून ठेवले होते. एकोणीस दिवसांचे गाव वर कुठेतरी राहिले. तिथे परत जायला वाट नव्हती.

दुसरी कोणी असती तर नव्याने सुरुवात करून भिंतींना लागली असती. तिने मात्र नवे गाव सुरू करून दोन तास तोच प्रकार पुन्हा घडवून पाहिला. मला बाकावर ठेवायची, हात मागे घ्यायची आणि बघत बसायची. दहा वेळांत सात वेळा माणूस पडला. मग तिच्या ध्यानात आले. अंगठ्याने दांडी ढकलली तर माणूस चालतो, आणि चालत असताना खेळ चाक फिरवत नाही, थांबून राहतो. पण माझ्यासारखी दांडी माणसाला इतके हळू नेते की खेळाला वाटते, हा उभाच आहे. तो चाक फिरवतो. चाक फिरताना क्षणभर जमीन नसते. उभ्या माणसाला ते कळत नाही, सरकणारा मात्र खाली जातो.

म्हणजे नव्या कंट्रोलरने ही चूक कधीच दिसणार नव्हती. आणि ज्याच्या घरी माझ्यासारखा झिजलेला असेल, त्याचे गाव एक ना एक दिवस जाणारच होते.

नियम असा होता की चूक दुसऱ्याच्या बाकावर करून दाखवली तरच खरी. तिने पोपटाला विनवले. पोपटाकडे तेव्हा नवा कंट्रोलर होता, साहेबाची मर्जी. त्याने वाट पाहिली, चाक तीनदा फिरले, काही झाले नाही.

“ताई, माझा तर खांबासारखा उभा आहे.”

“हा घे, एकेचाळीस. याने बघ.”

त्याने मला जोडले. हात मागे घेतले. चाक फिरले आणि त्याचे गाव गेले. पोपटाचा चेहरा उतरला. त्याने आधी पडद्याकडे पाहिले, मग काचेच्या केबिनकडे. मला वायरीसकट तिच्या बाकावर सरकवत तो हळूच म्हणाला, “मी काही पाहिलं नाही. ताई, शुक्रवारी यादी आहे. मला यात ओढू नका.”

तिने एकटीने लिहून पाठवले. अर्ध्या तासात साहेब तिच्या मागे येऊन उभा राहिला. हातात कॉफी. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी माना पडद्यात घातल्या आणि कान मागे लावले.

“काय गं भिंतवाली, जमीन गायब होते म्हणे तुझ्याकडे?”

“हो साहेब. दाखवते ना.”

“बाकी एकोणचाळीस जणांकडे होत नाही.”

“ज्यांचे कंट्रोलर चांगले आहेत त्यांना दिसणारच नाही, साहेब, आणि बाकीचे दांडीवरून अंगठा काढत नाहीत. हा झिजलाय. डावीकडे सरकतो. तेव्हाच होतं.”

“म्हणजे कंट्रोलर खराब आहे.”

“कंट्रोलर खराब आहेच. पण जमीनपण—”

“नाचता येईना आणि अंगण वाकडं!” तो मोठ्याने म्हणाला. दोघेतिघे हसले. “खराब वस्तू घेऊन बसायचं आणि खेळाला नावं ठेवायची.”

“साहेब, लोकांच्या घरी कंट्रोलर झिजतातच की. पोरं खेळतात, आपटतात.”

“लोकांनी नवा घ्यावा. मी काय करू?” त्याने फळ्याकडे बोट केले. तिथे शिल्लक चुकांचा आकडा लिहिला होता. “शुक्रवारी तिथे शून्य पाहिजे. वरती मी शब्द दिलाय. तू आज एक नवीन घालतेस. हे निस्तरायचं कोणी?” मग तो खाली वाकला. आवाज मऊ केला. मित्रांनो, ओरडणाऱ्या माणसाला भिऊ नका, असा मऊ आवाज काढणाऱ्याला भ्या. “दोन फुल्या आहेत तुझ्या. मला तिसरी द्यायची हौस नाही. तू हुशार आहेस, यादीत नाव आहे तुझं. पाचपर्यंत हे मागे घे. लिही, ‘माझी चूक झाली, साधन खराब होते.’ विषय संपला.”

तो गेला. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

पावणेदोन तास ती काहीच करीत नव्हती. भिंतींना धडकलीही नाही. मी तिच्या हातात होतो आणि तिचा अंगठा माझ्या डाव्या दांडीवर गच्च दाबलेला होता, जणू मला सरकू दिले नाही तर सगळे टळेल. पोपट पडद्यावरून नजर न काढता पुटपुटला, “घ्या ना मागे, ताई. पडेना का तो मेला जमिनीत. खरा माणूस थोडाच आहे?”

“गाव कुणीतरी खरंच बांधलेलं असणार ना?”

“मग? तुमचा कोण लागतो तो?”

ती म्हणाली, “अकरा महिने धडका दिल्या रे मी. बोटभर भोक सोडलं नाही. आणि आता सगळ्यात मोठं भोक सापडलंय तर ते माझ्याच हाताने लिंपू? मग खुर्ची कशाची मिळाली म्हणून सांगू सासूबाईंना?”

पाच वाजले. तिने मागे घेतले नाही. साहेबाने फळ्यावर तिच्या नावापुढे तिसरी लाल फुली मारली आणि खडूची धूळ उडवायला मारावी तशी तिच्याकडे पाहून फुंकर मारली. “आजचा दिवस भर. उद्यापासून भिंती मोकळ्या.” मग भांडारवाल्या काकांना बोलावून हुकूम सोडला, “जेवढे झिजलेले कंट्रोलर आहेत तेवढे आत्ताच्या आत्ता गोळा करा. सगळे भंगारात. चुका खेळात नाहीत, यांच्यात आहेत.”

शाबास! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय. त्या दिवशी माझ्यासकट सतरा कंट्रोलर भंगारात निघाले, सरकत्या दांडीने सापडलेल्या दोन जुन्या चुकाही त्याने पुसून टाकल्या, आणि फळ्यावरचा आकडा खाली आला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांमध्ये पोपट होता.

गोणीत सतराच्या जागी सोळा आहेत हे काकांना कळायला थोडा वेळ लागला. कारण मी तिच्या स्वेटरच्या बाहीत होतो. ती लघवीच्या वहीत वेळ लिहून बाहेर पडली आणि पुढच्या जिन्याने वर चढू लागली.

वरच्या मजल्यावर खिडक्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा ऊन पाहिले. तिचेही डोळे दिपले असावेत, कारण ती क्षणभर दारातच थांबली. तिथे खेळ बनवणारे बसत. कुंड्या, मऊ खुर्च्या, कोणी पायात चपलाही न घालता फिरत होते. खेळ जपून ठेवायचे चाक ज्याने लिहिले होते तो प्रोग्रामर कोपऱ्यात बसला होता. दाढी वाढलेली, हातात चहाचा कप.

“बोला,” तो म्हणाला. ‘बोला’ म्हणाला. तिला अकरा महिन्यांत त्या इमारतीत निळ्या फितीच्या कोणी ‘बोला’ म्हटले नव्हते.

ती फार बोलली नाही. मला जोडले, टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी सरकलो. आयुष्यात मी कधी इतका मन लावून सरकलो नव्हतो. चाक फिरले, माणूस गेला. प्रोग्रामरने कप खाली ठेवला. स्वतः पुन्हा करून पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, “अरे देवा, जमीन काढतोय मी याची.” मग तिच्याकडे वळला. “हे आमच्यापर्यंत आलं का नाही?”

“बंद केलं खाली. कंट्रोलर खराब म्हणून.”

“कोणी?”

उत्तर द्यायची गरज पडली नाही. धापा टाकत साहेब दारात उभा होता आणि त्याच्या मागे दारावरचा रखवालदार. “माफ करा हं,” तो प्रोग्रामरला म्हणाला, “आमची एक पिवळी चुकून वर आली.”

मित्रांनो, इथे त्या दाढीवाल्याने एक वाक्य बोलायचे होते. ‘ही खरं सांगतेय’, एवढेच. त्याला नोकरी जायची भीती नव्हती, त्याच्या गळ्यात निळी फीत होती, त्याच्या खुर्चीला चाके होती. तो तिच्या पिवळ्या फितीकडे पाहत राहिला. मग कपाकडे. मग म्हणाला, “बघतो मी.” आणि पडद्याकडे वळला. तळघरातल्या साहेबाचा मला राग आहेच. पण त्या सभ्य माणसाचा जास्त आहे. साहेबाने तिला ओळखलेच नव्हते. याने ओळखले आणि तोंड फिरवले.

रखवालदाराने तिथेच कात्रीने तिची फीत कापली, कारण त्या फितीला दारे उघडत. साहेब म्हणाला, “तुला काय वाटलं, वर टाळ्या वाजवतील?”

“नाही,” ती म्हणाली. “वाटलं, जमीन बुजवतील.”

तिने मला टेबलावरच राहू दिले. जाताना सवयीने बाहीने पुसले. मग रखवालदार तिला मागच्या जिन्याने घेऊन गेला. त्यानंतर मी तिला पाहिलेले नाही. ती कुठे आहे, कोणत्या खुर्चीवर आहे, सासूबाईंना तिने काय सांगितले, मला माहीत नाही. शुक्रवारी पोपटाला निळी मिळाली हे मात्र भांडारवाल्या काकांच्या तोंडून कळले. ते नोंदवहीत माझ्यापुढे ‘भंगार’ लिहीत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, “बोलणारी गेली, बोलका राहिला. चालायचंच.” चालायचंच! चाळीस वर्षे हेच म्हणत म्हणत काकांनी नोकरी काढली असणार.

भंगाराच्या गोणीत मी बरेच महिने होतो. मग फिरत फिरत एका अरुंद गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे आलो. फळीवर तुटके रेडिओ, पंखे, माझ्यासारखे चार-पाच जण. दुरुस्तीवाल्याकडे एक जुना पडदा आहे आणि कंट्रोलर तपासायला त्याने योगायोगाने तोच खेळ ठेवला आहे. त्याच्या मुलीने त्यात मोठे गाव वसवले आहे. शाळा, नाला, नाल्यावर वाकडा पूल. एका सकाळी त्याने मला जोडले. खेळ चालू होण्याआधी पडद्यावर बारीक अक्षरांत एक सूचना आली, कसल्या कसल्या दुरुस्त्या केल्या त्याची. शेवटची ओळ होती, ‘जतन करताना किरकोळ सुधारणा.’

किरकोळ.

दुरुस्तीवाला मला फळीवर ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायला गेला. पडद्यावरचा माणूस डावीकडे सरकू लागला. मी थांबू शकत नव्हतो. थांबता आले असते तर थांबलो असतो, कारण ते गाव कोणाचे तरी होते. कोपऱ्यात चाक फिरले.

जमीन होती. माणूस सरकत सरकत पुलाच्या कठड्याला टेकला आणि तिथेच उभा राहिला. चाक पुन्हा फिरले. पुन्हा जमीन होती. त्या मुलीला हे कधीच कळणार नाही. दुरुस्तीवाल्यालाही नाही. तो परत आला, पडद्याकडे पाहून म्हणाला, “दांडी सरकते याची. बाकी ठीक आहे.”

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी वस्तू हात जोडते आणि म्हणते, आम्हाला जपा. मला तुमची दया नको. मी प्लास्टिक आहे, माझे काय व्हायचे ते होईल. मी एवढेच सांगतो. उद्या तुमच्या वर्गात, घरात, पुढे तुमच्या कामाच्या जागी कोणीतरी पुढे येऊन म्हणेल, “इथे पाय घसरतो.” तो माणूस गबाळा असेल, सगळ्यांत खालच्या जागेवरचा असेल, त्याच्या पायात झिजलेली चप्पल असेल. तेव्हा त्याच्या चपलेकडे बोट दाखवून हसू नका. आधी खाली वाका आणि जमिनीला हात लावून पाहा. आणि तो खरे सांगत होता असे दिसले, तर त्याला ‘बघतो’ म्हणू नका. सगळ्यांसमोर, मोठ्याने, त्याचे नाव घ्या.